तुळईवरच्या फिती

"पाचला थांब, पोरी. पाचला सगळं जग उतरतं. आपण सहाला उतरायचं."

आमच्या कोच मिस व्हर्नाचा आवाज खरखरीत होता. सिगारेट सोडून वीस वर्षं झाली होती, तरी घशातली राख गेली नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज आधी भिंतीवर आपटायचा आणि मग आमच्या पाठीच्या कण्यात शिरायचा. आता ती नाही. तिचं शेडही परवा पाडलं. पण जिना उतरताना पाचव्या पायरीवर माझं पाऊल अजून क्षणभर अडतं.

पिकेट स्प्रिंग्जमधलं ते शेड आधी गुरांच्या खाद्याचं दुकान होतं. टेक्ससच्या ऑगस्टात पत्रा तापला की फळ्यांतून मक्याच्या भुशाचा वास उठायचा, आणि कोलांटी मारून उभं राहावं तर केसांत भुसा. आम्ही एकसष्ट मुली होतो. डॅलसबाहेरच्या मोठ्या जिममध्ये चारशे. त्यांच्याकडे तीन मॅट, आमच्याकडे एक, तीही मधोमध सुतळीने शिवलेली. स्पर्धेला सगळे एकाच हॉलमध्ये, एकाच मॅटवर उतरायचे, फक्त मोठ्या जिमचा गट वेगळा आणि छोट्यांचा वेगळा. त्यांचा चषक कमरेएवढा असायचा, आमचा कोपराएवढा.

आमचा खेळ चिअरलीडिंगचा, अडीच मिनिटांचा. गाणं, कोलांट्या, उड्या, आणि शेवटी चौघीचौघींचे मनोरे. खालच्या दोघी, वरची एक, मागची एक. मी मागची. मागचीचं नाव कुणी विचारत नाही, तिचा चेहरा फोटोत येत नाही. तिचं काम एकच: वरचीचं डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही.

माझी वरची होती मार्लो. ती चौदाची, मी सतराची. वाळलेल्या कणसाएवढी पोर, पण तळहातांवर उभी राहिली की वारासुद्धा तिला विचारून वाहतोय असं वाटायचं. दर स्पर्धेआधी मीच तिची वेणी घालायचे.

"घट्ट घाल गं डेसा," ती म्हणायची. "नाहीतर वर गेल्यावर अक्कल सांडेल."

"असली तर सांडेल."

"तुझ्याच डोक्यावर सांडेल. तुला गरज आहे."

बाकीच्या जिममध्ये वरचीला पाचच्या ठोक्याला उतरवतात. पाचला खालच्या गुडघे वाकवतात, सहाला फेकतात, आठला झेलतात. मिस व्हर्नाने एक ठोका वाढवला होता. पाचला ती म्हणायची, "थां-ब", आणि वरची गुडघे कुलपासारखे लावून आणखी एक ठोका आभाळात उभी राहायची. सगळ्या मुली उतरलेल्या, आमची एकटीच वर. त्या एका ठोक्यावर आम्ही तीन वर्षं छोट्यांच्या गटात पहिल्या आलो. दुसरं आमच्याकडे काही नव्हतंच.

व्हर्नाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे सराव मी घेतला, आणि तोही तिच्या आवाजात. आधी गंमत म्हणून केलं, मग लक्षात आलं, त्या आवाजाशिवाय कुणाचे गुडघे लागतच नाहीत. मार्लो हसून हसून मॅटवर लोळायची. "डोळे मिटले तर शप्पथ, म्हातारीच उभी आहे. माझे पाय तर ओळखतच नाहीत कोण ते."

त्या ऑक्टोबरात मार्लोची आई रॉनेट शेडच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"मिस व्हर्ना, राग मानू नका. पोरीचं भलं बघायला हवं ना. तिकडे तिला पहिल्या रांगेत उभं करणारेत."

"आमच्याकडे रांग एकच आहे, रॉनेट."

"तेच तर म्हणते मी."

व्हर्नाने शिडी मागवली. आमच्याकडे रीत होती: आलेल्या प्रत्येक मुलीची एक हिरवी फीत दारावरच्या तुळईला लागायची, गाठ वर आणि टोकं खाली. सोडून गेलेल्या मुलीची फीत उलटी व्हायची. टोकं वर, मेलेल्या कोंबडीच्या पायांसारखी. मार्लोच्या आधी तिथे अकरा उलट्या होत्या.

"शिडी धर," व्हर्ना मार्लोला म्हणाली.

मार्लोने धरली. म्हातारी दुखऱ्या गुडघ्याने एकेक पायरी चढली, खिळा उपटला, फीत उलटी केली आणि पुन्हा ठोकली. तीन घाव. प्रत्येक घावाला मार्लोचे खांदे उडत होते. गाडीत बसताना तिने माझ्याकडे पाहून हात हलवला, आणि मी दोन्ही हात मागे बांधून उभी राहिले.

तिच्या जागी आम्ही जोडी नावाच्या पोरीला वर चढवलं. जोडी चांगली मुलगी होती, पण वर गेली की खाली बघायची, आणि खाली बघणारी खालीच येते. माझं मनगट दोनदा मुरगळलं. जानेवारीत डॅलसच्या स्पर्धेत आम्ही शेवटून दुसऱ्या आलो.

तिथेच, सरावाच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात, मोठ्या जिमच्या मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. चांदीचे कपडे, कानापासून कानापर्यंत चकाकी. आम्हाला पाहून एकीने ठेका धरला आणि बाकीच्यांनी उचलला.

"पत्र्याच्या शेडला गोणपाटाचं दार,
आत नाचती कोंबड्या चार.
एक म्हणे उडू, दुसरी म्हणे थांब,
तिसरीच्या तंगडीला बांधलाय खांब!"

तिसऱ्या ओळीतलं 'थांब' त्यांना कुणी सांगितलं, ते मला विचारावं लागलं नाही. मार्लो तिसऱ्या रांगेत होती. ती गात नव्हती, पण टाळ्या वाजवत होती, आणि ठेका एकदाही चुकला नाही.

पुढच्याच रविवारी ती आमच्या घरी आली. हातात त्यांच्या खेळाची डीव्हीडी, तोंडभर हसू. त्या बोळाबद्दल एक शब्द नाही. माझ्या आईने सुक्यामेव्याचा गोड पीकन-पाय कापून दिला, तो खात ती सोफ्यावर मांडी घालून बसली.

"हे बघ, हे बघ. इथे गाणं थांबतं. एकदम. पूर्ण हॉल चिडीचूप, आणि मी वर एकटी. मग पाच, आणि खाली. भारी ना?"

"भारी."

"सुरुवातीला पाचला उतरताच येईना गं मला. पाय ऐकेनात. कोच ब्रँट म्हणाला, 'या पोरीच्या गुडघ्यात म्हातारी बसलीय, काढा तिला.' दोन महिने लागले." ती हसली. "आता काढली."

डीव्हीडी ती विसरून गेली. मी ती एकोणीस वेळा पाहिली.

मार्चमध्ये फोर्ट वर्थला मोठी स्पर्धा होती. आपला खेळ झाला की मुलींनी मॅटच्या पुढ्यात बसून दुसऱ्यांना प्रोत्साहन द्यायचं, ही सगळीकडची रीत. आमचा खेळ झाला होता. जोडी पडली नाही, एवढंच. मिस व्हर्ना माझ्या डाव्या हाताला, मुठीत मोडकं पेन धरून उभी होती. आमच्या पुढेमागे तीनशे माणसं. मग मोठं जिम उतरलं. वीस मुली, एकच पाऊल वाजावं तशी पावलं. मार्लो मधोमध. तिची वेणी दुसऱ्या कुणीतरी घातली होती, सैल.

दोन मिनिटं झाली. मनोरे चढले. मार्लो सर्वांत वर, एका पायावर, हात उघडलेले, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे आधी माझ्या डोक्यावर सांडायचं. गाणं थांबलं. हॉल चिडीचूप झाला.

"थां-ब, पोरी."

खरखरीत, लांबवलेला, राखेचा आवाज. पाचच्या ठोक्यावर.

मार्लोचे गुडघे कुलपासारखे लागले. खालच्यांनी मात्र शिकल्याप्रमाणे बरोबर फेकलं. ताठ फळी फेकावी तशी ती तिरकी उडाली. तिची मागची हात वर करून तिथेच उभी होती जिथे मार्लोने यायला हवं होतं, आणि मार्लो त्या हातांच्या पुढे, बाहेर, डाव्या कोपरावर आली. तो आवाज फार मोठा नव्हता. पण गाणं थांबलेलं होतं, म्हणून सगळ्यांनी ऐकला.

सगळ्यांत आधी मी धावले. तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, हलू दिलं नाही. ॲम्ब्युलन्सवाला मला म्हणाला, "शाब्बास, बरोबर धरलंस."

रॉनेटने लेखी तक्रार केली. चौकशीला तीन माणसं आणि एक लांब टेबल. तिथे काय झालं ते गावभर झालं. त्यांनी विचारलं, मिस व्हर्ना, तो आवाज तुमचा होता का? व्हर्नाने टेबलावरचा पाण्याचा ग्लास बाजूला सारला म्हणे. मग म्हणाली, "तो आवाज माझाच. दुसऱ्या कुणाचा असेल?"

तिच्यावर कायमची बंदी घातली. पिकेट स्प्रिंग्जमध्ये तिच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी 'कोंबडीचोर' लिहिलं, नंतर त्याहून वाईट लिहिलं. किराण्याच्या दुकानात तिच्या मागे रांगेत कुणी उभं राहीना. आयांनी मुली काढून घेतल्या, आणि मे महिना सरला तेव्हा शेडला कुलूप होतं. आमच्यातल्या चाळीसेक मुली मोठ्या जिममध्ये गेल्या. कोच ब्रँटने स्वतः बस पाठवली होती.

शेवटच्या दिवशी आम्ही मॅट गुंडाळत होतो. व्हर्ना स्वतःच शिडी घेऊन आली. माझ्याकडे पाहिलं नाही, शिडी धर म्हणाली नाही. वर चढली आणि एक फीत काढून उलटी ठोकली. तीन घाव. माझी होती. केस कुरळे करायच्या चिमट्याने कडेला जळलेली.

"मिस व्हर्ना, डेसा कुठे गेलीय? ती तर इथेच आहे," जोडी म्हणाली.

व्हर्ना खाली उतरली, हातोडी पिशवीत टाकली आणि गेली. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं मुली म्हणाल्या. त्यानंतर सतरा वर्षं ती याच गावात राहिली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. कुणाशीच माझ्याबद्दल बोलली नाही.

मार्लोचा डावा हात कोपरात आकड्यासारखा राहिला. चार ऑपरेशनं झाली. तो हात डोक्याच्या मागे पोचत नाही, म्हणून दर शनिवारी मी तिची वेणी घालते. अठरा वर्षं. ती गुरांच्या डॉक्टरकडे फोन घेते, लग्न केलं आणि मोडलं. माझ्या मुलीचं मधलं नाव मार्लो आहे. लोक मोठ्या मार्लोला सांगतात, असली मैत्रीण नशिबाने मिळते, आणि ती म्हणते, "ते तर आहेच."

यंदा फेब्रुवारीत व्हर्ना टायलरच्या वृद्धाश्रमात वारली. मी वेणी घालत होते तेव्हा मार्लोला निरोप आला.

"गेली? बरं झालं," ती म्हणाली. "उशीरच झाला. घट्ट घाल."

मी घट्ट घातली. अंत्यविधीला सात माणसं होती. मी नव्हते.

मग शेड पाडणार असल्याचं कळलं, आणि मार्लो म्हणाली, पहिला घाव मी घालणार. परवा नव्या मालकाने हसून हातोडा दिला. सकाळचे नऊ वाजले होते, पत्रा आत्ताच तापायला लागला होता, भुशाचा वास तोच. ती उजव्या हातात हातोडा घेऊन दारात गेली आणि वर पाहत उभी राहिली. फिती अजून होत्या. हिरव्याच्या राखाडी झालेल्या, त्यांवर कोळ्यांची जाळी.

"ही बघ माझी. नालायक म्हातारी. मला शिडी धरायला लावली होती." तिने हातोड्याने एकेक मोजायला सुरुवात केली. "ही केंड्राची. ही त्या थुंकणाऱ्या पोरीची." मग हातोडा थांबला. "डेसा. ही जळकी तुझी ना?"

"हो."

"मग उलटी का? तू तर कधी गेलीच नाहीस."

"शेवटी शेवटी तिला नीट दिसत नव्हतं."

"काहीतरीच. फितींत ती कधी चुकली नाही. बाकी सगळ्यात हलकट होती, पण फितींत नाही." ती माझ्याकडे वळली. आकड्यासारखा हात पोटाशी धरलेला, कपाळावर घाम, आणि आदल्याच दिवशी मी घातलेली वेणी खांद्यावरून पुढे. "का गं? काय केलं होतंस तिचं?"

बाहेर बुलडोझरवाल्याने इंजिन सुरू केलं, मग आमच्याकडे पाहून बंद केलं. शेडमध्ये एकदम चिडीचूप झालं. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार.

"तिचं नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी ती ओरडली नव्हती, मार्लो. मी ओरडले."

ती थोडी हसली. "सवयीने गेलं असेल तोंडातून. सहा आठवडे सराव घेतलास तू, मला काय माहीत नाही? एवढं काय त्यात, वेडे."

हेच ती म्हणणार, हे मला अठरा वर्षं माहीत होतं. तेवढ्यावर थांबता आलं असतं.

"सवयीने नाही. गाणं कुठे थांबतं ते तूच दाखवलं होतंस. मी एकोणीस वेळा पाहिलं. मी मोजत होते, मार्लो, आणि पाचला हाक मारली. तुझे पाय ऐकतील, हे मला ठाऊक होतं."