थोरल्याच्या हातचा घास

कडूबाला कोरियन भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. इंग्रजीचीही तीच गत. पण अंबडच्या कोर्टात तीस वर्षं दारात उभं राहून त्यानं नावांचा पुकारा केला होता, आणि जो माणूस न्यायाधीशाच्या इतक्या जवळ उभा राहतो त्याला इंग्रजी येत नसेल, असं कुंभार पिंपळगावात कोणाच्या मनातही आलं नाही. त्यानंही कधी कोणाचा गैरसमज काढला नाही. म्हातारपणी माणसाला एवढा मान तरी कुठून मिळणार?

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सर्जेराव अण्णांचा पाय मोडला. अण्णा म्हणजे गोदावरीच्या वाळूचे मालक. कागदावर नदी सरकारची होती, पण तिच्यात उतरणारे बारा ट्रॅक्टर अण्णांचे होते. पाय मांडीपर्यंत प्लास्टरात, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि अण्णांना बसून राहायची सवय नाही. कोणीतरी जालन्याला जाऊन मस्तगडातल्या दुकानातून पिशवीभर सीड्या आणल्या. सगळ्या कोरियातल्या, सगळ्या दादा लोकांच्या. चित्राखाली इंग्रजी ओळी पळत होत्या.

"काका, तुम्ही कोर्टातले," अण्णा म्हणाले. "वाचा अन् आम्हाला सांगा."

येत नाही म्हणायला तेव्हा काहीच लागलं नसतं. कडूबानं चष्मा पुसला आणि टीव्हीकडे बघून सांगायला सुरुवात केली.

आणि खरं बोलायचं तर त्याला त्यात गोडी लागली. हिंदी पिक्चरमधला दादा मधेच नाचतो, आईच्या गळ्यात पडून रडतो आणि शेवटी पोलिसांची गाडी येते. इथं तसलं काही नाही. काळ्या कोटातली माणसं. बंदूक जवळजवळ कोणाकडेच नाही. जे करायचं ते सुऱ्यानं, काठीनं, समोरच्याचा श्वास तोंडावर येईल इतक्या जवळून. थोरला आला की वीस-वीस गडी कमरेत वाकतात. मारामारीच्या आधी सगळे एका तव्याभोवती बसून जेवतात आणि थोरला स्वतःच्या हातानं धाकट्यांच्या वाटीत मटण वाढतो. बोलणं कमी. ज्याला मारायचं त्याच्याकडे आधी कितीतरी वेळ नुसतं बघत बसतात. तेव्हा अण्णा प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून अगदी गप्प होत.

"असं पाह्यजे," ते नंतर म्हणत. "आपल्याकडं तर मारायच्या आधी गावभर वरडत फिरतेत."

मरणाऱ्या प्रत्येकाला कडूबा घरदार द्यायचा, कारण अण्णांना ते लागायचंच. टीव्हीत कोणी पडला की ते विचारत, "ह्याला घरी कोण हाय?" मग कडूबा सांगायचा, म्हातारी आई हाय, मोसंबीची बाग हाय, बहिणीचं लगीन तोंडावर आलंय. कोरियात मोसंबी होते की नाही, देव जाणे. अण्णा चुकचुकत, डोळे पुसत आणि म्हणत, "तरी मारायलाच पाह्यजे व्हता."

महिनाभरात ट्रॅक्टरवरचे गडी अण्णांसमोर कमरेत वाकायला लागले. पहिले दोन दिवस सगळ्यांना हसू आलं. मग हसणाऱ्या एकाकडे अण्णांनी नुसतं बघितलं, बराच वेळ, आणि त्यानंतर कोणी हसलं नाही. सगळ्यांत मन लावून वाकायचा तो पुंजाराम. हा अण्णांच्या पुढच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि कडूबाचा जावई.

एका पिक्चरमध्ये जेवता जेवता एक जण वाटी खाली ठेवून उठला, आणि पुढच्याच प्रसंगात पावसात मरून पडलेला दिसला. का मारला? ओळी भराभर निघून गेल्या. अण्णा वाट बघत होते, गडी वाट बघत होते. कडूबाला काहीतरी बोलणं भाग होतं.

"त्यांच्यात नियमच हाय, अण्णा," तो म्हणाला. "ज्याच्या पोटात दगा, त्याला थोरल्याच्या हातचा घास जात न्हाई."

अण्णांनी सीडी मागं घ्यायला लावली आणि तो प्रसंग तीनदा पाहिला. घरी जाताना कडूबाला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. आपल्याला हे सुचलं कसं, असं त्यानं बायकोला, गिरिजाबाईला, दोनदा विचारलं.

पंधरा दिवसांनी सरकारी जीप अंबडकडून सरळ नदीवर आली आणि तीन ट्रॅक्टर घेऊन गेली. वाळू कुठं भरतात, किती वाजता भरतात, सगळं त्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी पुंजाराम अंबडला गेला होता. गेला होता तो बेबीनंदाला, कडूबाच्या लेकीला, डॉक्टरांना दाखवायला. कडूबा स्वतः सोबत होता. दवाखान्याबाहेर सासरा-जावई मिळून उसाचा रस प्यायले होते. कडूबानं हे अण्णांना आपण होऊन जाऊन सांगितलं.

"मी कुठं काय म्हणलो, काका?" अण्णा म्हणाले.

कडूबाला त्या शांतपणाची भीती वाटली. अण्णा पूर्वी असे नव्हते. पूर्वी शिव्या द्यायचे, चप्पल भिरकवायचे आणि संध्याकाळपर्यंत विसरून जायचे.

रविवारी दुपारी अण्णांनी अंगणातल्या लिंबाखाली सगळ्या गड्यांना जेवायला बसवलं. बोकड कापला होता. कुबडी टेकत अण्णा पंगतीतून फिरले आणि एकेकाला स्वतःच्या हातानं घास भरवू लागले. जावई काय करणार हे ओसरीवर बसलेल्या कडूबाला माहीत होतं. बेबीनंदाची दोन मुलं पोटातच गेली होती. आता तिला आठवा महिना होता. मूल पदरात पडेपर्यंत मटणाला शिवणार नाही, असा नवस पुंजारामनं देवीला केला होता, आणि तो करायला लावला होता गिरिजाबाईनं.

अण्णांचा हात तोंडासमोर आला तसे पुंजारामनं हात जोडले. "अण्णा, माफ करा. नवस हाय. भाकर खातो ना मी."

"नवस?"

"व्हय. लेकरासाठी."

"मंग बराबर हाय," अण्णा म्हणाले. घास त्यांनी परत ताटात ठेवला, बोटं टॉवेलला पुसली आणि ते पुंजारामकडे बघत राहिले. लिंबाखाली सगळ्यांची तोंडं चावायची थांबली. मग अण्णा पुढच्या गड्याकडे सरकले.

ऊन उतरताच कडूबा लेकीच्या घरी गेला. "जावईबापू, आठ दिवस जालन्याला बहिणीकडं जाऊन या. आजच जा," तो म्हणाला.

पुंजाराम हसला. त्याला खरंच हसू आलं होतं. "मामा, अण्णा मला भावासारखं मानतेत. अन् थोरल्याला सोडून पळतो तो कोण असतो, हे तुम्हीच सांगितलं ना त्या पिक्चरमधी?"

बेबीनंदानं चहा आणला, तो कडूबानं तसाच खाली ठेवला. नियम आपण टीव्हीसमोर बसून केला आणि आपल्याच पोरीच्या दारात आणून ठेवला, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांचं बोलावणं आलं. खोलीत दोघंच होते. टीव्हीवर तोच पिक्चर, तोच तवा, वाटी ठेवून उठणारा तोच माणूस. काय बोलायचं ते कडूबानं पाठच करून आणलं होतं.

"अण्णा, त्या दिवशी माझं वाचायचं चुकलं. हा माणूस निर्दोष व्हता. थोरल्यानं त्याला नाहक मारला, अन् पुढं लई पस्तावला."

"कुठं पस्तावला? मी तर शेवटपर्यंत पाह्यलं."

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला आणि अंगणात ट्रॅक्टर चालू झाल्याचा आवाज आत आला. कडूबा खिडकीशी गेला. ट्रॅक्टर पुंजारामचा, पण स्टिअरिंगवर दुसराच होता. पुंजाराम एका मडगार्डवर बसला होता, दुसऱ्या मडगार्डवर आणखी एक जण.

"कुठं चालले हे?"

"नदीवर. पाण्याची मोटार बघायला."

कडूबा दाराकडे वळला. अण्णांनी बसल्या जागेवरून कुबडी दारात आडवी धरली. तेव्हा तो खाली बसला आणि त्यानं प्लास्टरच्या पायावर डोकं ठेवलं.

"अण्णा, मला इंग्रजी येत न्हाई. कोर्टात मी नुसती नावं पुकारली. नियम-बियम काही न्हाई त्यांच्यात, सगळं माझ्या मनचं व्हतं. म्या तुम्हाला फसवलं, मला मारा, पण पोराला माघारी बोलवा."

अण्णा हसले. कितीतरी दिवसांनी ते असे मोकळं हसले.

"मला काय ठाऊक नव्हतं व्हय, काका? कोरियात कुठं मोसंबी असती का? पहिल्या दिवसापासून ठाऊक व्हतं. पण त्या लोकांचं मला काय करायचं? मला तुमचंच आवडत व्हतं." त्यांनी कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला. "नियम तुमचा असंल तर तुमचा. बराबर हाय तो."

कडूबा उठून खिडकीला भिडला आणि कोर्टात मारायचा तशी त्यानं हाक मारली. "पुंजाराम!" आवाज अंगणापार गेला. पुंजारामनं वळून बघितलं, हात हलवला आणि ओरडला, "येतो, मामा!" मग सासऱ्याच्या मागं त्याला अण्णा दिसले असावेत. चालत्या ट्रॅक्टरवर एका हातानं धरून तो अर्धवट उभा राहिला आणि कमरेत वाकला. फाटकातून ट्रॅक्टर बाहेर पडला.

कडूबाला अण्णांनी शेजारच्या खुर्चीवर बसवलं. ओसरीवर दोन गडी होतेच. अर्ध्या-पाऊण तासानं लाइट आली, पंखा फिरू लागला, आणि अण्णांनी सीडी पुन्हा तिथूनच लावली. टीव्हीत पाऊस पडत होता. काळ्या कोटातला माणूस चिखलात पालथा पडला होता.

अण्णांनी पाय स्टुलावर नीट ठेवला. "ह्याला घरी कोण हाय, काका?"

कडूबानं टीव्हीकडे बघितलं. खालच्या ओळी पळत होत्या.

"बायको हाय, अण्णा," तो म्हणाला. "आठवा महिना हाय तिला."

अण्णा चुकचुकले आणि त्यांनी डोळे पुसले.