पत्र्याखालचा तापमापक

सकाळी सहा वाजता होटगीतल्या या घरात माझी लाल रेषा अठ्ठाविसावर असते. त्या वेळी अक्कम्माबाई तव्यावर शेवटची भाकरी टाकत असतात आणि शरणप्पा दाराशी बसून बुटांच्या नाड्या आवळत असतात. शरणप्पा रेल्वेत गँगमन आहेत, रुळांची देखभाल करतात. भाकऱ्या आणि शेंगाच्या चटणीचा डबा पिशवीत घालून, नारिंगी जाकीट खांद्यावर टाकून ते साडेसहाला रुळांच्या दिशेने निघतात. सात वाजता ऊन छपरावर येते. छप्पर पत्र्याचे आहे. तापू लागलेला पत्रा खिळ्यांशी कुरकुरतो, मध्येच टणकन वाजतो, आणि माझी रेषा चढू लागते. नऊ वाजता तेहतीस, बारा वाजता अडतीस. दुपारी दोनला त्या दोघांची मुलगी सिद्धेश्वरी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून रसायनशास्त्राच्या वर्गाला बसते, तेव्हा मी चाळिसाच्या वर गेलेलो असतो.

मित्रांनो, एव्हाना तुम्ही मला ओळखले असेल. मी तापमापक आहे, बावीस वर्षांचा, काचेचा, वीतभर लांबीचा. आकडा सांगणे एवढेच माझे काम. तरीही माझ्या आयुष्यात मला दोनदा लाज वाटली आणि दोन्ही वेळा कारण एक आकडाच होता.

माझा जन्म दूर अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने केसासारख्या बारीक पोकळीत लाल द्रव भरला आणि काचेचे तोंड ज्योतीवर मिटवले. मग त्याने मला ठेचलेल्या बर्फात उभे केले. द्रव जिथे थांबला, तिथे त्याने शून्याची खूण केली. उकळत्या पाण्याच्या वाफेत तो जिथवर चढला, तिथे शंभराची. त्या दोन खुणांच्या मधली प्रत्येक रेघ हे माझे वचन आहे, असे मी तेव्हापासून मानत आलो.

पुढे मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आलो. तिथले परिचर ईरप्पा मला रोज मऊ फडक्याने पुसत आणि नव्या मुलांच्या हाती देताना बजावत, "ह्याच्यानं पाणी ढवळू नका. चमचा न्हाय त्यो. आन् ह्यो सांगंल ते लिवा. ह्यो कुणाची भीडभाड धरत न्हाय." या कौतुकावर मी पंधरा वर्षे जगलो.

मग एके दिवशी मी टेबलावरून घरंगळून फळीवर पडलो. काच वाचली, पण आतली लाल रेषा मध्येच तुटली आणि वरचा तुकडा चार अंश पुढे सरकून अडकला. कोणाच्याच ते लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी गुरु नावाच्या मुलाने माझ्यावर पाहून लिहिले, पाण्याचा उत्कलनबिंदू एकशे चार. सरांनी वही सगळ्या वर्गासमोर धरली. "काय रे, तुझ्या गावाकडं पाणी एकशे चारला उकळतं होय? मग चहा कधी मिळतो तुम्हाला?" वर्ग हसला. गुरुने माझ्यावर दिसले तेच लिहिले होते. खोटा मी होतो आणि खाली मान त्याने घातली. ती माझी पहिली लाज.

त्यानंतर माझ्या डबीवर 'खराब' अशी चिठ्ठी लागली आणि मी सात वर्षे एका खणात पडून राहिलो. निवृत्तीच्या महिन्यात खण आवरताना ईरप्पांना मी सापडलो. त्यांनी बर्फ आणि मीठ कालवून त्यात मला उभे केले. लाल द्रव आक्रसून खाली उतरला, तुटलेला तुकडा मूळ रेषेला येऊन मिळाला आणि मी पुन्हा पूर्ण झालो. "जमलं की रं गड्या," ईरप्पा म्हणाले आणि त्यांनी मला चांगल्या तापमापकांच्या ओळीत ठेवले. डबीवरची चिठ्ठी काढायची मात्र ते विसरले.

यंदाच्या उन्हाळ्यात महाविद्यालयाने मोबाइलवरचा एक वर्ग काढला. पहिल्या वर्षी ज्यांचा रसायनशास्त्र हा विषय राहिला होता, त्यांच्यासाठी तो होता. तो विषय यात सुटला, तरच दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार होता. प्रयोगही घरीच करायचे होते. त्यासाठी प्रत्येकाला एक पुठ्ठ्याचे खोके मिळाले. त्यात दोन पेले, एक मोजपात्र, लिंबूसत, खायचा सोडा आणि एक तापमापक होता. नवे तापमापक अपुरे पडले, म्हणून एका खोक्यात मी गेलो. ते खोके सिद्धेश्वरीचे होते.

ती नापास झाली होती. गल्लीत मात्र तिने "सुट्टीतला जादा कोर्स हाय" असे सांगितले होते. वर्ग घेणाऱ्या म्हेत्रे मॅडमनी पहिल्याच दिवशी सर्वांना कॅमेरे सुरू करायला सांगितले. पडद्यावर एकेक चौकट उजळली. कोणाच्या मागे पुस्तकांचे कपाट होते, कोणाच्या मागे फुलांचा पडदा, एकाच्या डोक्यावर थंड हवेचे यंत्र. सिद्धेश्वरीने एकदा मागच्या पत्र्याच्या भिंतीकडे पाहिले आणि लिहून पाठवले, "मॅडम, नेटवर्क नाही." नेटवर्क चांगले होते. मी शेजारीच होतो.

सोमवारी पहिला प्रयोग आला. लिंबूसताच्या पाण्यात खायचा सोडा टाकला की फेस येतो आणि पाणी गार होते. किती गार होते, ते मोजायचे. सुरुवातीला खोलीचे तापमान लिहायचे होते. मॅडमनी दाखवलेल्या व्हिडिओतल्या प्रयोगशाळेत ते पंचवीस होते.

सिद्धेश्वरीने मला डोळ्यांसमोर धरले. मी साडेचाळीसवर होतो. तिने मला हवेत हलवले, ओढणीने पुसले, पुन्हा पाहिले. मी साडेचाळीसवरच. मग तिने तिच्या मैत्रिणीला, पायलला फोन लावला. पायल श्रीपूरला साखर कारखान्याच्या वसाहतीत राहते आणि हाच कोर्स करते.

"पायल, तुझं खोलीचं तापमान किती आलं गं?"

"पंचवीस."

"एवढं कमी?"

"अगं येडे, व्हिडिओतलं टाकलं. माझा थर्मामीटर तर अजून डबीतच झोपलाय, उठवला पण न्हाय त्याला. सगळ्यांनी तेच टाकलंय. तू काय नवीन शोध लावणार हायस काय?"

सिद्धेश्वरीने फोन ठेवला. तिची नजर माझ्या डबीवरच्या चिठ्ठीवर गेली. 'खराब.' तिचा चेहरा सैल झाला. "खराबच हाय हा," ती स्वतःशीच म्हणाली. तिने प्रयोगवहीत सुबक अक्षरात लिहिले, खोलीचे तापमान २५. द्रावणाचे सुरुवातीचे तापमान २५. सर्वांत कमी १६. लाल शाईने रकाने आखले, आलेख काढला आणि पानाचा फोटो पाठवून दिला. लिंबूसताची पुडी तिने फोडलीही नव्हती.

बुधवारी म्हेत्रे मॅडमनी तेच पान सगळ्यांना पडद्यावर दाखवले. "सिद्धेश्वरीचं जर्नल बघा. किती नेटकं काम आहे! दहापैकी दहा." लगेच टाळ्यांची चित्रे उमटली. पायलचा निरोप आला, "तुझं पान चौघांनी छापलंय. तू आता आमची मास्तरीण!" सिद्धेश्वरी हसली नाही. तिने मोबाइल पालथा ठेवला.

अक्कम्माबाईंनी मात्र मॅडमचे बोलणे ऐकले होते. संध्याकाळी शरणप्पा हातपाय धुऊन बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लेकीचं पान आज मॅडमनं सगळ्यांस्नी दावलं म्हनं."

"व्हय? आण की बघू."

शरणप्पांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून ओळ वाचली. मग बोट तिथेच थांबले.

"सिद्धव्वा, हे खोलीचं तापमान म्हणजे आपल्याच खोलीचं?"

"हूं."

"कवाचं?"

"सोमवारी दुपारचं."

"सोमवारी दुपारी रूळ बासष्टला हुता. मीच थर्मामीटर लावून रजिस्टरात लिवलंय. आन् आमच्या घरात पंचवीस?" ते मोठ्याने हसले. "मग मला सांगायचं न्हाय का? सगळी गँग आणून हितं झोपवली असती की!"

"मी बी हितंच हुते," अक्कम्माबाई म्हणाल्या. "मला कसं थंडी वाजली न्हाय म्हनते मी?"

"थर्मामीटर खराब हाय, अप्पा. डबीवर लिहिलंय बघा."

"खराब हाय तर मग पंचवीस कुटनं आलं?"

"सगळ्यांनी तेच लिहिलंय."

"सगळ्यांच्या घरात पंचवीस हाय?"

"मग काय चाळीस लिहू?" सिद्धेश्वरीचा आवाज चढला. "राहता कुटं, म्हणून विचारलं असतं सगळ्यांनी! काय सांगू त्यांना? ह्या पत्र्यात राहतो म्हणून?"

शरणप्पांनी चष्मा काढला, त्याच्या दांड्या सावकाश मिटल्या. "व्हय," ते म्हणाले, "पत्रा हाय." एवढेच बोलून ते उठले आणि बाहेर जाऊन दगडावर बसले. तो पत्रा त्यांनी स्वतःच्या हातांनी चढवला होता.

मित्रांनो, ही माझी दुसरी लाज. या खेपेस मी खरे सांगितले होते. पण माझ्या जुन्या खोटेपणाची चिठ्ठी अजून अंगावर होती आणि तिच्या आडोशाला एक मुलगी लपली होती. तिला लपताना मी पाहिले आणि तिच्या बापाला बाहेर जाऊन बसतानाही पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटांच्या नाड्या आवळताना शरणप्पा मुलीकडे न बघता म्हणाले, "आमचा थर्मामीटर बी दर उन्हाळ्यात तपासून घेत्यात. आकडा चुकला तर रूळ कवा वाकंल ते कळत न्हाय. तुझा तपास की. खोटा निघाला तर दे टाकून. खरा निघाला तर उगं खराब म्हणू नको त्याला."

ते गेल्यावर सिद्धेश्वरी बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. मग पेला घेऊन शेजारच्या केराबाईंकडे गेली. त्यांच्याकडे फ्रिज आहे.

"एवढ्या सकाळी बरफ? पावणे आलं काय गं?"

"न्हाय काकू, अभ्यासाला पायजे."

"आमच्या येळेला अभ्यासाला पाटी लागायची. आता बरफ लागतोय. ने बाई, लई शिक!"

तिने बर्फ फडक्यात बांधून वरवंट्याने ठेचला, पेल्यात घातला, वर थोडे पाणी ओतले आणि मला त्यात उभे केले. माझी रेषा उतरू लागली. वीस, बारा, पाच. खरे सांगतो, मी घाबरलो होतो. बावीस वर्षांचा, एकदा मोडून सांधलेला मी. एक अंश जरी वर अडकलो असतो, तरी तिला लपायला जागा मिळाली असती, आणि तिला ती हवी आहे हे मला तिच्या श्वासावरून कळत होते.

मी बरोबर शून्यावर थांबलो.

ती वाकून पाहत राहिली. पेला खिडकीत नेऊन तिने पुन्हा पाहिले. बर्फ हलवून तिसऱ्यांदा पाहिले. मग नखाने डबीवरची चिठ्ठी खरवडून काढली.

मित्रांनो, आम्हा काचेच्या मंडळींना जपणे अवघड नाही. आम्हाला ढवळायला वापरू नका, गरम असताना गार पाण्याखाली धरू नका, काम झाल्यावर पुसून डबीत ठेवा. मात्र फक्त एवढीच निगा राखाल, तर आम्ही नुसते टिकून राहू; उपयोगी पडणार नाही. अधूनमधून आम्हाला बर्फात घालून पाहा आणि आम्ही खरे ठरलो, तर आम्ही सांगितलेला आकडा सोसा. तो कितीही नकोसा असला तरी.

सिद्धेश्वरीला तो सोसणे सोपे नव्हते. मान्य झालेले पान मागे घेतले, तर प्रयोग पुन्हा करावा लागे आणि त्याचे निम्मेच गुण मिळत. आधीची लेखी चाचणी तिला जड गेली होती. निम्म्या गुणांनी ती पुन्हा नापास होण्याची भीती होती. गल्लीत काय सांगायचे, हाही प्रश्न होताच. दुपारी भाकरीचे ताट पुढे घेऊन ती तशीच बसली. अक्कम्माबाईंनी विचारले, "जेवत का न्हाईस?" तेव्हा ती म्हणाली, "एक काम हाय, अव्वा. करून जेवते."

तिने खोके उघडले. पाणी मोजून घेतले, लिंबूसत विरघळवले आणि मला आधी हवेत धरले. साडेचाळीस. मग द्रावणात बुडवले. अडतीस. चमचाभर सोडा पडताच पेला फसफसून वर आला, तिच्या बोटांवर फेस उडाला आणि ती दचकून हसली. त्या आठवड्यात मी तिला प्रथमच हसताना पाहिले. माझी रेषा घसरत तिसावर येऊन थांबली. चाळीस अंशांच्या त्या घरात तेवढा एक पेला गार झाला होता. अक्कम्माबाईंनी त्याला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की!"

सिद्धेश्वरीने नवे पान घेतले. आकडे लिहिले. या वेळी रकाने लाल शाईने आखले नाहीत. खाली जागा उरली होती, तिथे तिने सावकाश, एकही शब्द न खोडता लिहिले:

"मॅडम, माझे आधीचे पान रद्द करावे. त्यातले आकडे मी व्हिडिओवरून घेतले होते, प्रयोग केला नव्हता. हे आकडे आज दुपारी माझ्या घरी घेतले आहेत. आमच्या घरावर पत्रा आहे."

तिने फोटो काढला, अक्षरे नीट दिसतात का ते पाहिले आणि पान पाठवून दिले. मग ताट पुढे ओढून ती जेवायला बसली.