आधी बॅटरीची तार

धाकट्याच्या डोक्यावरचे अर्धे केस पांढरे झाले होते, तरी गॅरेजमध्ये तो धाकटाच होता. मोठा भाऊ डोळ्यांसमोर वावरत असला की माणूस आजोबा झाला तरी त्यातून सुटत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला सुटायचंही नव्हतं. दादाने त्याला पाना धरायला शिकवलं होतं, आणि आता दादाला पाना कुठे ठेवला ते आठवत नव्हतं.

नर्सबाईंची गाडी मधोमध मुकी होऊन उभी होती. काल आली तेव्हा चांगली चालत आली होती. सायलेन्सरचा ब्रॅकेट तुटला होता, तो जोडायचा, एवढंच काम. ते दादाने केलं. त्यानंतर गाडीने जे तोंड मिटलं ते मिटलंच.

धाकट्याने चावी फिरवली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायला हवा होता, तो लागला नाही. मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप क्षणभर गुणगुणतो, तोही गप्प. स्कॅनर जोडला, तर इंजिनाच्या कॉम्प्युटरशी संपर्क होत नसल्याचं पडद्यावर दिसलं. त्याने फ्यूज पाहिले, रिले बदलून पाहिला, मग इंजिनाच्या कॉम्प्युटरचा कनेक्टर काढून टेस्टलॅम्प लावला. वीज तिथपर्यंत नीट येत होती. अर्थिंगही चोख होतं.

"पंप बघितलास का रे?" दादाने स्टुलावरून विचारलं.

"बघितला, दादा."

"पंपच असणार. या गाड्यांचे पंप नाजूक असतात."

थोड्या वेळाने दादाने पुन्हा तेच विचारलं, आणि धाकट्याने पुन्हा तितक्याच शांतपणे तेच उत्तर दिलं. या शांतपणाची त्याला आता सवय झाली होती, आणि सवय झाली याचंच त्याला वाईट वाटायचं.

त्याने कॉम्प्युटर खोलला. ॲल्युमिनियमचं झाकण निघताच जळका वास नाकात गेला. आतल्या हिरव्या सर्किटच्या पट्टीवर एका कोपऱ्यात काळा डाग पडला होता. कॉम्प्युटर असा उगाच जळत नाही, त्याला कुणीतरी जाळावं लागतं. धाकटा गाडीखाली सरकला. ब्रॅकेटवरचं वेल्डिंग ताजं होतं, ओबडधोबड, अळीसारखं वाकडं.

दादाने बॅटरीची तार न काढताच वेल्डिंग केलं होतं, आणि वेल्डिंगची वीज थेट कॉम्प्युटरमध्ये शिरली होती.

हा नियम धाकट्याला कुणी शिकवला होता? दादानेच, तोही कानाखाली वाजवून. धाकटा तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता आणि घाईघाईत वेल्डिंगचा चिमटा गाडीला लावून मोकळा झाला होता. "जेवायच्या आधी हात धुतोस ना? तशी वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढायची. विचार करायचा नाही, काढायची!" त्यानंतर इतकी वर्षं धाकट्याचा हात आपोआप आधी त्या तारेकडे जायचा. दादाचाही जायचा.

मागे दादाने एका गाडीचं चाक बसवलं आणि नट आवळलेच नाहीत. गाडी फाटकापर्यंत गेली आणि चाक डगमगलं, म्हणून थोडक्यात निभावलं. त्या दिवशी वहिनी गॅरेजमध्ये येऊन उभी राहिली होती. "भाऊजी, तुम्ही म्हणता म्हणून पाठवते. पण अजून एकदा असं काही झालं, तर मी यांना घरी बसवीन. उद्या कुणाच्या जिवावर बेतलं तर?" धाकट्याने हात जोडले होते. घरात दादा खिडकीशी बसायचा आणि वहिनीलाच विचारायचा, "या घरच्या बाई कुठं गेल्या?" गॅरेजमध्ये मात्र तो अजून दादा होता. इंजिनाचा आवाज ऐकून मान हलवायचा, दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायचा. धाकट्याला तेवढाच दादा हवा होता. तेवढाच उरला होता.

म्हणून धाकटा खोटं बोलला. डबा घेऊन आलेल्या वहिनीने गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "हिचं काय झालं?"

"कॉम्प्युटरमध्ये पाणी शिरलं, वहिनी. जुनी गाडी आहे."

वहिनीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती डबा ठेवून गेली.

भंगारवाल्याकडून त्याने त्याच नंबरचा दुसरा कॉम्प्युटर शोधून आणला. पण नुसता बसवून भागत नाही. गाडी आपली चावी त्या कॉम्प्युटरवरूनच ओळखते. परका कॉम्प्युटर लावला तर ती घरच्याच चावीला चोर समजते. प्रोग्रामिंगवाल्याकडे जाऊन त्याने जुन्याची सगळी आठवण नव्यात उतरवून घेतली. ती आठवण साठवणारी चिप जळक्या पट्टीवर सुदैवाने शाबूत होती.

"एवढं सोपं असतं तर," धाकटा पुटपुटला.

"काय?" प्रोग्रामिंगवाल्याने विचारलं.

"काही नाही."

परत येऊन त्याने बॅटरीची तार काढली, कॉम्प्युटर बसवला, कनेक्टर दाबले, तार पुन्हा जोडली. चावी फिरवताच पिवळा दिवा लागला. पंप गुणगुणला. दुसऱ्या झटक्यात इंजिन सुरू झालं, आणि धाकट्याचा जीव भांड्यात पडला.

"बघ, पंपच होता," दादा म्हणाला.

"हो दादा. पंपच होता."

दादा खुश झाला. त्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली, पूर्वी मारायचा तशी, पुरती हाडं हलवणारी. धाकट्याने इंजिन बंद केलं आणि नर्सबाईंना फोन करायला तो रस्त्याकडेच्या टेबलापाशी गेला. तिथे वहिनी डबा न्यायला आली होती. फोनवर नर्सबाई हुश्श करत होत्या, आणि धाकटा त्यांना हसून सांगत होता, "या संध्याकाळी, एकदम टकाटक झालीय."

मागून चरचर आवाज आला. भिंतीवर निळा उजेड थरथरला.

फोन तसाच टाकून तो धावला. दादा गाडीखाली आडवा होता. वेल्डिंगचा चिमटा गाडीच्या अंगाला लावलेला होता. बॅटरीची तार जागच्या जागी होती.

"दादा, थांब!"

दादा तोंडावरची वेल्डिंगची काच वर करून बाहेर सरकला. चेहरा रागाने लाल झाला होता. "असला वेल्डिंगचा टाका माझ्या गॅरेजमध्ये कुणी मारला रे? लाज नाही वाटत? घासून काढला आणि नीट मारला. बघ, असा असतो टाका."

धाकट्याने वाकून पाहिलं. टाका खरोखर सुरेख होता, एकसारखा, ओळीत. त्याने गाडीत बसून चावी फिरवली. पिवळा दिवा लागला नाही. पंप गुणगुणला नाही. त्याने पुन्हा फिरवली, आणि मग फिरवतच राहिला.

"काय झालं?" दादाने खिडकीत डोकं घातलं. अंधाऱ्या डॅशबोर्डवर नजर टाकताच त्याचे डोळे एकदम पूर्वीसारखे झाले, तल्लख, धारदार. "कॉम्प्युटर उडाला. वेल्डिंग करताना तार काढली नव्हती." त्याने पुढे जाऊन बॅटरी पाहिली. "हे बघ, नाहीच काढली! कुणी केलं हे?"

धाकट्याने वर पाहिलं. दाराशी वहिनी उभी होती. तिच्या हातातला डबा आणि गाडीला लावलेला वेल्डिंगचा चिमटा त्याला एकदमच दिसला. वहिनीशी खोटं बोलायला आता काही जागा नव्हती, पण दादासमोर खरं बोलायलाही जीभ रेटेना.

"मी, दादा. विसरलो."

दादाचा हात वर गेला. धाकट्याने गाल तसाच धरून ठेवला. तो हात खाली आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण दादाने हात मागे घेतला, आणि मारण्यापेक्षा वाईट अशा थकलेल्या आवाजात तो बोलला.

"एवढी वर्षं शिकवून विसरलास? मग घरी बस बाबा. ज्याला एवढं आठवत नाही, त्याने हत्याराला हात लावू नये. लोकांच्या गाड्या आहेत. लोकांचे जीव असतात त्यांच्यात."

वहिनी पुढे आली. तिने दादाच्या डोक्यावरची काच काढून धाकट्याच्या हातात दिली, दादाचे हातमोजे काढले, आणि पदराने त्याच्या कपाळावरची काजळी पुसली.

"चला, घरी जाऊ," ती म्हणाली.

"आणि गॅरेज? याच्या भरवशावर सोडून?" दादाने धाकट्याकडे मान वळवली. मग त्याला धाकट्याची दया आली. "रडू नको रे. उद्या येतो मी. पुन्हा पहिल्यापासून शिकवतो तुला."

वहिनीने दिराकडे पाहिलं. धाकट्याने होकारार्थी मान हलवली. दादाला वाटलं, तो होकार त्याच्यासाठीच आहे, म्हणून तोही समाधानाने हसला आणि बायकोचा हात धरून निघाला. ती दोघं कोपऱ्यावरून वळल्यावर धाकट्याने बॅटरीची तार काढून ठेवली.