इंग्रजीतले निंबगुळे

शेळगावच्या आबाजींचं निंबगुळे हे आडनाव साऱ्या इंदापूर तालुक्यात एकाच घराला होतं. आबाजींना त्याचा भारी अभिमान. त्यांच्या वांग्यांची पाटी बारामतीच्या बाजाराला जायची, तिच्यावरसुद्धा नाव ठसठशीत रंगवलेलं असायचं. पण चौपन्न सालच्या हिवाळ्यात त्यांच्या थोरल्या लेकीला, विजयमालेला, बघायला इंदापूरचे हिंदुराव आले, आणि नाव कानावर पडताच त्यांचा मॅट्रिकला बसणारा नवरामुलगा संभाजी असा हसला, की पोह्यांनी ठसका लागला.

"काय झालं, पाव्हणं?" आबाजींनी पाणी पुढं केलं.

"काय न्हाय. आमच्या इंग्रजीच्या वर्गात रोज फळ्यावर असतंय. निंबगुळे इज अ लायर. निंबगुळे इज अ मायजर."

"म्हंजी?"

"निंबगुळे खोटारडा हाय. निंबगुळे चिकट हाय."

हिंदुरावांनी बशी खाली ठेवली. इंग्रजीत आलंय म्हणजे चौकशी करूनच आलं असणार, असा त्यांचा चेहरा झाला. "कळवतो," म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी आबाजी इंदापुरात इंग्रजीच्या मास्तरांच्या दारात. मास्तर बिचारे हबकलेच.

"अहो, जाधव घेतला तर वर्गात सात जाधव! सातांचे बाप काठ्या घेऊन येतात. म्हणून कुणाचंच नसलेलं नाव घेतलं. बारामतीच्या बाजारात वांग्यांच्या पाटीवर वाचलं होतं, वाटलं, लांबचा कुणी व्यापारी असेल."

"मास्तर, कीर्तनात बुवाबी चिकटाचा दाखला देत्यात. पर नाव घेत न्हाईत. मग जो तो शेजाऱ्याकडं बघून हसतो अन् घरी जाऊन आपलीच कणगी चाचपतो. तुमी नाव घातलंत, आता समदा तालुका माझ्याकडंच बघतोय! लेकीचं लगीन आडलंय माझ्या."

मास्तरांचे डोळे पाणावले. माणूस भला; पण भल्या माणसाच्या हातात खडू आला की तो थांबत नाही. सोमवारपासून फळ्यावर निंबगुळे सत्यवादी झाले, दानशूर झाले. गुरुवारी तर निंबगुळे फीड्स फाइव्ह हंड्रेड मेन, म्हणजे पाचशे माणसं जेवू घालतात. पोरांनी ते घरोघर पोचवलं.

शनिवारी डाळजची मंडळी सप्त्याची पंगत मागायला हजर! कीर्तनाचं काम म्हणून आबाजींनी हौसेनं दोन पाट्या वांगी दिली. मंडळींनी वांग्यांकडं पाहिलं, मग आबाजींकडं. "इंग्रजीत तर पाचशे पानं म्हणत हुते," एक जण पुटपुटला.

आणि त्याच्या पुढच्या सोमवारी हिंदुराव आपणहून आले, बरोबर संभाजी. आता त्यांच्या बोलण्यात साखर होती.

"आबाजीराव, पोरगी पसंत हाय. पाचशे माणूस आणतो. तुमाला काय जड?"

दाराआड बायको कुशाबाईचा आणि विजयमालेचा श्वास आबाजींना ऐकू येत होता. नुसतं व्हय म्हटलं की स्थळ पक्कं. जिभेवर व्हय आलंही होतं. पण पाचशे पानं वाढायची म्हणजे विहिरीजवळचा तुकडा जाणार, आणि त्याच तुकड्यावर धाकट्या दोघी लेकी वाढायच्या होत्या.

"हिंदुराव," ते म्हणाले, "पाचशे जेवायला घालणारा फळ्यावर असतो. त्याच्याशी सोयरीक करायची तर मास्तरांकडं जावा. ह्या ओसरीवर बसलेला निंबगुळे शंभर पानं वाढंल. पोटभर, तुपासकट. एकशेएकावं न्हाय."

हिंदुराव उठायच्या बेतात आले. पण संभाजी जागचा हलेना.

"ऊठ की," बाप म्हणाला.

"शंभर लई झाली की. आपल्या भावकीत एवढी जेवायला बोलवण्यासारखी हायत कुठं?"

हिंदुरावांनी पोराकडं असं पाहिलं, जणू त्यानं भर ओसरीवर बापाचं धोतर ओढलं होतं. मग खाकरून म्हणाले, "बरं. सव्वाशे."

आबाजी तोंड उघडणार, तेवढ्यात कुशाबाई साखरेची वाटी घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी पहिली चिमूट थेट हिंदुरावांच्याच तोंडात घातली.