पासिंगची पट्टी

“तुझी ती पट्टी बसव रे आधी,” पिकअप गॅरेजच्या दारात लावून खाली उतरायच्या आतच चांगू म्हणाला. “उद्या आरटीओचं साहेब गाडी बघायला येनार हायत.”

कसली पट्टी, हे गॅरेजवाल्या सुनीलने विचारलं नाही. महाडातल्या टेम्पोवाल्यांना ती ठाऊक होती. लोखंडी पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना लाल दिवे, मागचा आणि ब्रेकचा. चिरे चढवता-उतरवता गाड्यांचे दिवे फुटायचे, मग सारखे नवे कोण लावतो? आरटीओच्या पासिंगच्या दिवशी गाडी सुनीलकडे यायची, तो पट्टी बसवायचा, गाडी पास झाली की पट्टी परत त्याच्या खिळ्यावर. ही युक्ती त्यानेच काढली होती आणि तिचा त्याला चांगलाच तोरा होता. दिवे दोन्ही कडांना हवेत, सारख्या उंचीवर हवेत, मागच्या फाळक्याआड जाता कामा नयेत, हे तो गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगायचा. सांगायचा आणि पट्टी काढून ठेवायचा.

“ओम कसा हाय?” पाना फिरवता फिरवता त्याने विचारलं.

“पाय मोडलाय. वाचला ना, बास झालं. मीच नेला त्येला दवाखान्यात, ह्याच गाडीतनं.”

उमरठचा ओम आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मोटारसायकलवरून घरी निघाला होता. पोलादपूर सोडल्यावर दाट धुकं, आणि पुढे चिऱ्यांनी भरलेली चांगूची पिकअप. गाय आडवी आली, चांगूने ब्रेक दाबला, ओम मागून जाऊन आदळला. पोरगा वेगात असणार, असं जो तो म्हणत होता. त्या वेळी पट्टी कुठे होती, ते मात्र या दोघांनाच माहीत होतं.

पट्टी बसली. दिवे फारच स्वच्छ दिसत होते. चांगूने काही बोलायच्या आत सुनीलनेच त्यांच्यावर चिखल फासला. हात धुताना त्याला स्वतःचीच किळस आली, पण चिखल पुसायला काही तो परत वळला नाही.

ओम सुनीलच्याच गावचा, न जाऊन कसं चालेल? संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. ओमची आई, आवडी, खाटेशी बसली होती.

“बस रे सुनील. तूच समजाव ह्याला. सकाळधरनं रडतोय.”

“पाय जुळंल रे,” सुनील म्हणाला.

“पायाचं नाय दादा.” ओमने तोंड फिरवलं. “एसटीत ड्रायव्हरची भरती हाय. डोळं तपासतात. आनि मला पुढची गाडी दिसलीच नाय. लाल ठिपकासुद्धा नाय. माझं डोळंच गेलं वाटतं.”

“फारम भरूच नको, सांगितलं मी,” आवडी म्हणाली. “उद्या भरलेली एसटी असंल ह्याच्या हातात. कुनाचा जीव जायचा.”

उठावं आणि सरळ निघून जावं, असं सुनीलला वाटलं. हे बाहेर फुटलं तर चांगू गॅरेजची पायरी चढणार नाही, बाकीचेही नाही, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तरी तो खाटेजवळ सरकला.

“तुझं डोळं चांगलं हायत,” तो म्हणाला.

“तुला काय म्हाईत?”

“गाडीला दिवंच नव्हतं. माझ्या गॅरेजात होतं. आज बसवलं मी. वर चिखलपन मीच लावला. उद्या साहेबांना हेच सांगनार हाय.”

आवडी त्याच्याकडे बघतच राहिली. आता ही शिव्या देईल, असं त्याला वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं. पण ओमच धडपडत कोपरावर उठला.

“म्हंजी मला दिसतंय? आये, मला दिसतंय!”

वॉर्डच्या पार पलीकडच्या भिंतीवर एक पाटी होती. ओम तिच्यावरची अक्षरं मोठमोठ्याने वाचायला लागला, “शांतता राखा! चपला बाहेर काढा!” आजूबाजूचे पेशंट माना वळवून बघू लागले. पोराच्या तोंडाकडे बघत आवडी डोळे पुसत होती. सुनीलकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. एखादी शिवी पदरात पडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो तिथेच खाली मान घालून उभा राहिला आणि ओम पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.