पुलीवरची पांढरी रेघ

तेजस्वीनं टायमिंग लाइटचा घोडा दाबला आणि गरगरणारी पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसू लागली. प्रत्येक ठिणगीबरोबर दिवा लखलखत होता, आणि पुलीवरची पांढरी रेघ दहाच्या आकड्यापाशी मुकाट उभी होती, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या दहा अंश आधी ठिणगी, हवी तशी. इंजिनाला जोडलेला लॅपटॉपही दहाच म्हणत होता. बोट ठेवायला कुठं जागा नव्हती, आणि म्हणूनच तिचं डोकं भणभणलं होतं.

कारण सकाळी बायपासवर गाडी दाबली, तेव्हा टर्बोचा दाब चढल्याबरोबर इंजिनातून तो आवाज आला होता. कढईत फुटाणे उडावेत तसा. ठिणगी वेळेच्या आधी पडली, की पिस्टन वर येत असतानाच आत भडका होतो आणि त्याच्या डोक्यावर घण बसतो. साध्या गाडीला ते एक वेळ खपून जातं. टर्बो चढवलेल्या गाडीचा पिस्टन त्यात वितळतो. गेल्या साली वितळला होताच. घाटातल्या शर्यतीत, याच गाडीचा, ऋतुराज स्टिअरिंगवर असताना. टायमिंग लावलं होतं तेजस्वीनं.

झालं! ज्ञानू मिस्त्रीच्या पोरीनं पिस्टनचं पाणी केलं, हे उद्यमनगरातल्या चहाच्या प्रत्येक गाड्यावर पोचलं. ऋतुराजनं गाडी पुन्हा बांधायला दिली ती एकाच अटीवर, टायमिंगला हात फक्त आबांनी लावायचा. आणि आबांना, म्हणजे तिच्या वडलांना, त्या लखलखत्या उजेडात आता पुलीच धड दिसत नव्हती. रेघ कुठली दिसायला! मग बापलेकीत ठरलं होतं, लावायचं तिनं आणि मी लावलं म्हणून सांगायचं आबांनी. बिघडलं तर पोरीनंच हात लावला असणार, असं लोक म्हणणार होते, आणि जमलं तरी नाव आबांचं होणार होतं. ती हो म्हणाली होती, पण ते तिला फार लागलं होतं.

उद्या खंडेनवमी. आबा गॅरेजच्या दारात बसून एकेक पाना डिझेलनं धुवत होते.

"दहावर बसतंय न्हवं?" त्यांनी तिथनंच विचारलं.

"बसतंय. पर वाजतंय."

"मग लॅपटॉपवर धा अंश मागं घे आन् दे सोडून. सांजच्याला येतोय त्यो गाडी न्यायला."

"आन् का वाजतंय ते?"

"लई खोलात शिरू नगंस, तेजे."

"मी शिरणार."

मागं घेतलं असतं तर आवाज थांबलाही असता. पण दिवा म्हणतोय सगळं ठीक, आणि इंजिन म्हणतंय मेलो. दोघांतलं एक खोटं बोलत होतं, आणि ते कोण हे कळल्याशिवाय ती गाडी हातावेगळी करणार नव्हती. तिनं इंजिन बंद केलं. पिस्टन नेमका कुठं आहे हे आता पिस्टनलाच विचारायचं.

शेजारी तोहिदचा लेथ होता. जुना स्पार्क प्लग पोखरून त्यात बोल्ट बसवून दे म्हणून ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय गं, परत वितळवतीस काय?"

"तुझं थोबाड वितळवीन. बोल्ट दे."

त्यानं हसत हसत दिला.

तिनं चारही प्लग काढले आणि तो बोल्टवाला प्लग पहिल्या सिलिंडरात बसवला. मग लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हातानं हळूहळू फिरवलं. पिस्टन वर येऊन बोल्टला टेकला, तिथं तिनं पुलीवर सुईनं रेघ मारली. उलटं फिरवलं. दुसऱ्या बाजूनं येऊन टेकला, तिथं दुसरी. या दोन्हींच्या बरोबर मधोमध पिस्टनची सगळ्यात वरची जागा. तिनं कंपास लावून मध्य काढला आणि तिथं सुईनं तिसरी रेघ ओढली.

पांढरी रेघ तिथंच असायला हवी होती. नव्हती. चांगली बोटभर बाजूला होती.

तिनं सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. पुन्हा तेच. म्हणजे दिवा दहा अंश दाखवत होता, तेव्हा ठिणगी वीसला पडत होती. लॅपटॉपलाही दहा सांगितलं होतं तिनंच, त्या रेघेवर विश्वास ठेवून.

तिनं नखानं रंगाचा पोपडा काढला. खाली कुंकवाचा लालसर डाग, आणि पाना निसटून पडलेला एक जुना ओरखडा. तिनं स्वतः मारलेली मूळ खूण नव्हतीच. ही ॲल्युमिनियमची पुली तोहिदनं कातली, त्या दिवशी तिनं तिच्यावर बारीक रेघ ओढली होती. मग गेल्या साली खंडेनवमी आली. आबांना पूजेला प्रत्येक वस्तू आरशासारखी लागते. पुली लखलखीत होऊन आली होती, वर ताजी पांढरी रेघ होती, आणि आबा कौतुकानं म्हणाले होते, "बघ, दिव्यात कशी ठसठशीत दिसंल." दसरा झाल्यावर शर्यत होती.

ती तिथंच फरशीवर बसली. ओरडावं असं वाटलं, आणि दारातली ती वाकलेली पाठ बघून रडूही आलं. पण तिनं यातलं काही केलं नाही.

"आबा, जरा हिकडं या."

आबा हात पुसत आले. त्यांना दिसणार नव्हतं, म्हणून तिनं त्यांचं बोट धरून आधी सुईच्या मधल्या रेघेवर टेकवलं, मग पांढऱ्यावर.

"ही खरी जागा. आन् ही पांढरी."

"पांढरी कुणाची?"

"तुमची."

आबांचं बोट पुढं-मागं, पुढं-मागं फिरत राहिलं.

"पॉलिश पेपर मारल्ता मी," ते हळूच म्हणाले. "ओरखडं लई व्हतं. एक राखला, तुझी खूण समजून..." त्यांनी बोट उचललं आणि विचारलं, "मग वरीसभर बोलली का न्हाईस, पोरी?"

"मला तरी कुठं ठावं होतं? मलाबी वाटायचं, माझंच चुकलं."

आबा दारात जाऊन बसले आणि धुतलेलेच पाने पुन्हा धुवायला लागले.

तेजस्वीनं कानस घेतली आणि खऱ्या जागी चांगली खोल खाच पाडली, कितीही घासली तरी जाणार नाही अशी. टायमिंग नव्यानं लावलं आणि गाडी बायपासला काढली. दाब चढला, टर्बोनं शिट्टी घातली, गाडीनं पाठ सीटला चिकटवली. फुटाणे नाहीत. खात्री पटेना म्हणून तिनं आणखी दोनदा गाडी पिळली. नाहीतच. मग एकटीच मोठ्यानं हसली.

संध्याकाळी ऋतुराज आला. तिच्याकडं न बघता सरळ आबांपाशी गेला.

"आबा, टायमिंग तुमीच लावलंय न्हवं?"

तेजस्वी पाठ फिरवून पाने फळीवर मांडू लागली. उत्तर तिला माहीत होतं.

"न्हाय," आबा म्हणाले. शेजारच्या लेथला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "तिनं लावलंय. गेल्या साली बी तिचं बरोबर व्हतं. खूण मी पुसल्ती."

तिकडं लेथ बंद झाला. ऋतुराज आबांकडं बघत राहिला, मग पुलीकडं, मग कितीतरी महिन्यांनी तिच्याकडं.

"मग..." तो अडखळला. "घाटात पुरा दाब देऊ?"

"दे की बिनघोर," तेजस्वी म्हणाली. "आन् उद्या पूजेला गाडी हितंच आण. फकस्त पुलीला कुणी पॉलिश पेपर लावायचा न्हाय. आबांनीबी न्हाय."

आबा हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.