शेततळ्यातली लाईट

किसनरावांच्या शेततळ्यात बोट फिरते, ही बातमी गोरेगावच्या बाजारापर्यंत पोचली होती. बोट हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी. लेकीनं, प्रतिक्षानं, बापाच्या साठीला पाठवलेली. हसणारे हसोत बापडे. किसनराव कामं उरकून रोज तळ्याच्या काठावर बसत आणि ती फिरवत. अडचण एकच होती. दिवस मावळला की बोटीचं तोंड कुठलं नि बूड कुठलं ते कळेना, आणि ती सरळ काठावर जाऊन आपटे.

मग त्यांनी भंगाराचं पोतं उपसलं. गणपतीच्या आराशीतल्या तुटक्या माळेतले दोन दिवे काढले. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. फुटक्या टॉर्चमधला पांढरा दिवा छत्रीच्या काडीवर उभा केला. जुन्या मोबाइलची बॅटरी जोडली, बंद पडलेल्या रेडिओतले रेझिस्टर लावले आणि वरून मेणबत्तीचं मेण ओतून पाण्याची वाट बंद केली.

"सैपाकघरातला बल्ब जाऊन पंधरा दिवस झाले," शालूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तेवढं बघायला टाइम न्हाई तुमाला."

किसनरावांनी मान न उचलता मेणावर फुंकर घातली. खरं तर ही करामत त्यांना एकाच माणसाला दाखवायची होती, आणि नेमका तोच बोलत नव्हता.

जळबा शेताशेजारचा, शाळेपासूनचा जोडीदार. त्याची विहीर खोलगटात. मोटारीची लाईट आली की किसनरावांच्या तळ्याकाठच्या खांबावरचा बल्ब लागे, पण तो खालून दिसत नसे. म्हणून वर्षानुवर्षं किसनराव हाक मारत, "जळबा, लाईट आली," आणि खालून उत्तर येई, "आलो." दोन वर्षांपूर्वी आठवडाभरात एकदाच लाईट आली आणि नेमका तेव्हाच किसनरावांचा डोळा लागला. जळबाचा हरभरा ऐन फुलोऱ्यात वाळला. मुद्दाम केलंस, असं तो म्हणाला आणि ते किसनरावांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून जळबा स्वतः बांधावर येऊन बल्ब बघे आणि न बोलता निघून जाई. किसनरावांना रोज वाईट वाटे. पण आधी बोलायचं कोणी?

त्या संध्याकाळी दिव्यांची बोट पाण्यात सुटली. लाल दिवा डावीकडे दिसला की ती पुढं चाललेली, उजवीकडे दिसला की माघारी येणारी. किसनराव लेकरासारखे खूश झाले. तेवढ्यात बांधावरून कोणीतरी खोलगटाकडे धावत गेलं. थोड्या वेळानं जळबा धापा टाकत तळ्यावर हजर.

"चार खेपा स्टार्टर दाबला. लाईटचा पत्ता न्हाई, अन् इथं बल्ब काहून लावून राहिला?"

किसनरावांनी नुसता तळ्याकडे हात केला. काडीवरचा पांढरा दिवा डुलत डुलत त्यांच्याकडेच येत होता. जळबा काठाशी वाकला.

"दोन वर्सांनी हाक मारली," तो म्हणाला, "ती बी खोटी."

"मुद्दाम न्हाई मारली." किसनराव म्हणाले. "तवाबी मुद्दाम न्हाई केलं, जळबा. झोप लागली होती मला."

बोट काठाला टेकली. जळबानं हात पुढे केला. "आण ते रिमोट इकडं."

त्याची तिसरी फेरी चालू असताना खांबावरचा बल्ब खरोखरच लागला. जळबा हाताच्या अंतरावर उभा होता. तरी किसनरावांनी तोंडापाशी हात धरले आणि खोलगटाकडे तोंड करून, पार शिवारात घुमेल अशी हाक दिली, "जळबा, लाईट आली."

रिमोटवरची नजर न काढता जळबानं तेवढ्याच जोरात उत्तर दिलं, "आलो." आणि बोट आणखी एका फेरीला वळवली.